वाढते ऊन आणि शेतावरच्या माणसाचे आरोग्य

(गावातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात आमच्यासारखा माणूस उभा राहिला की तुम्ही बोंडअळी, तुरीवरील मर, संत्र्याची फळगळ असे प्रश्न विचारता. आज मी पिकाविषयी फारसे बोलणार नाही. पीक काढणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. आपण शेतीचा ताळेबंद मांडताना बियाणे धरतो, खत धरतो, औषध धरतो, बैलाची वैरण धरतो. माणसाचे शरीर मात्र त्यात कुठेच धरत नाही. आता ते धरावे लागेल, कारण आपला उन्हाळा पूर्वीचा राहिलेला नाही.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे एक सालदार होते. आम्ही मुले त्यांना काकाच म्हणायचो. मे महिन्यात वावरात शेणखत पसरण्याचे काम चालू होते. दुपारी दोनच्या सुमारास काका गावात आले ते झोकांड्या खात, काहीतरी असंबद्ध बोलत. पारावरचा एक जण म्हणाला, "घेऊन आला वाटते. झोपू द्या त्याले, उतरन मंग." त्यांना कापसाच्या खोलीत नेऊन झोपवले. वर टिन, खिडकी नाही. संध्याकाळी चहाला हाक मारली तेव्हा ओ आली नाही. अंग तव्यासारखे तापले होते. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले. ते दारूला शिवतही नसत, हे सगळ्या गावाला माहीत होते.

पुढे कित्येक वर्षांनी वडील एकदा मला म्हणाले, "त्या दिवशी अकरा वाजता बैल सोडून निंबाखाली बांधले होते. माणूस सोडला नव्हता." माझे आजचे सारे बोलणे त्या एका वाक्यात आहे.

आपला उन्हाळा किती बदलला?

अकोला, अमरावतीला ऊन नवीन नाही. मे महिन्यात ४२ अंशांच्या आसपास कमाल तापमान हे आपल्याकडे नेहमीचेच. मग काळजी कशाची, असे तुम्ही म्हणाल.

काळजीच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, ऊन लवकर येऊ लागले आहे. १९०१ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर २०२२ चा मार्च हा तोपर्यंतचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीने कमाल तापमानाचा तसाच विक्रम केला. आपले शरीर उन्हाला सरावायला आठ ते चौदा दिवस घेते. होळीच्या आधीच ऊन तापले तर हा सराव झालेला नसतो.

दुसरी, तापमानाचा पायाच वर चढतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. २०२४ हे जगात नोंदलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो वायू हवेत साठतो, तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हे त्याचे कारण. अर्धा-पाऊण अंश ऐकायला थोडा वाटतो. पण सरासरी थोडी वाढली की पंचेचाळीसच्या वरचे दिवस पुष्कळ वाढतात.

तिसरी गोष्ट रात्रीची. दिवसभर तापलेले शरीर रात्री थंड व्हावे लागते. पूर्वी कवेलूच्या आणि मातीच्या घरात ते होत असे. आता टिन आणि सिमेंटचा स्लॅब आला. रात्री बारापर्यंत छत आग ओकते. झोप न झालेला, न निवलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात उतरतो. म्हणून सलग उष्णतेच्या लाटेत तिसरा-चौथा दिवस पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो.

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५.८ अंशांवर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. शिकवणी वर्गांच्या वेळा बदलण्यास सांगितले. कामाच्या ठिकाणी कामगारांना पाणी व पंखे पुरवण्यास सांगितले. शहरासाठी असा आदेश निघू शकतो. पण तुमच्या धुऱ्याच्या आत आदेश काढायला कोणी साहेब येणार नाही. तो आदेश तुम्हालाच काढावा लागेल.

शरीराचा माठ

शरीर उन्हात कसे टिकते हे समजायला माठ पाहावा. माठ पाझरतो, बाहेरचे पाणी वाऱ्यावर वाळते आणि आतले पाणी गार होते. आपला घाम हेच काम करतो. आतले तापमान ३७ अंशांच्या जवळपास राखण्यासाठी शरीराला दुसरा मोठा उपाय नाही. जड काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून कडक उन्हात तासाला एक लिटरही घाम जाऊ शकतो.

आता दोन प्रसंग लक्षात घ्या. एप्रिल-मे मधली आपली हवा कोरडी असते. घाम येतो आणि क्षणात वाळतो. अंग ओले दिसत नाही, म्हणून "मला घामच येत नाही" असे माणूस समजतो. प्रत्यक्षात माठ रिकामा होत असतो. दुसरा प्रसंग मृगाच्या आधीचा, तसाच भाद्रपद-आश्विनातल्या उकाड्याचा. हवा दमट असते. पावसाळ्यात माठातले पाणी जसे गार होत नाही, तसे अंगावरून घामाच्या धारा वाहतात, पण अंग निवत नाही. म्हणून फक्त थर्मामीटरचा आकडा पाहून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानात मोठा कार्यक्रम झाला. तेथे उष्माघाताने चौदा जण गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. आपण ज्याला बरे ऊन म्हणू, त्या उन्हात ही माणसे गेली.

धोका कोणाला अधिक?

ऊन सर्वांना सारखे लागत नाही. साठीच्या पुढचे, लहान मुले, गरोदर बाया, मधुमेह, हृदय व मूत्रपिंडाचे रोगी यांना धोका अधिक. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आधीच कमी होत असते. गोळी मनाने बंद करू नये, उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांना एकदा विचारावे. दारू पिऊन उन्हात जाणे म्हणजे माठाला भोक पाडणे होय.

शेतावर तीन प्रकारच्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावे. एक, नवा आलेला मजूर. मेळघाटातून कामासाठी खाली उतरलेली माणसे, शहरातून सुटीत आलेला आपलाच मुलगा, आजारातून उठलेला गडी, यांना पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नये. पहिल्या दिवशी थोडे, मग रोज थोडे वाढवत एका आठवड्यात पूर्ण कामावर आणावे.

दोन, ठेक्याने काम करणारा. कांदा काढणी असो की पऱ्हाटी उपटणे, जितके काम तितका पैसा असला की माणूस थांबत नाही. त्याला थांबवण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची.

तीन, कामावर येणाऱ्या बाया. हे थोडे स्पष्ट बोलतो. कित्येक बाया वावरात दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण लघवीला आडोसा नसतो. त्यातून मूत्रमार्गाचे विकार, मूतखडा आणि भोवळ हे सारे येते. चार बांबू आणि हिरवी जाळी लावून आडोसा करायला फार खर्च येत नाही. ज्या वावरात आडोसा आहे, तेथेच बाया पोटभर पाणी पितील.

कामाचे नवे वेळापत्रक

पेरणीची तारीख आपण पावसाप्रमाणे बदलतो. तसे कामाचे तास उन्हाप्रमाणे बदलावेत. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत पुढील पद्धत ठेवावी.

१) सकाळी सहाला काम सुरू करून साडेदहा-अकराला थांबवावे. अकरा ते चार उघड्या वावरात काम नको. उरलेले काम साडेचारनंतर करावे.

२) बायांना घरचे आटोपून यावे लागते, म्हणून त्या उशिरा येतात आणि नेमक्या भर दुपारी वावरात असतात. सकाळची एकच सलग पाळी ठरवून तिची पूर्ण मजुरी द्यावी. तापलेल्या दुपारी काम मुळातच कमी होते, त्यामुळे हा सौदा तोट्याचा नाही.

३) वखरणी, खत पसरणे, धसकटे वेचणे अशी जड कामे शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरकावीत. मे महिन्यासाठी ती शिल्लक ठेवू नयेत.

४) दर तासाला दहा-पंधरा मिनिटे सावलीत बसावे. झाड नसेल तर ताडपत्री बांधावी, पण चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

५) एकट्याने काम करू नये. दोघे-दोघे असावेत आणि एकमेकांवर नजर ठेवावी. ऊन लागलेल्या माणसाला आपल्याला ऊन लागले हे कळत नाही.

६) हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा. मैदानी भागात पारा ४० च्या वर असून नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वाढला, अथवा थेट ४५ वर गेला, की ती उष्णतेची लाट. ४७ वर गेला की तीव्र लाट. नारिंगी आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी दुपारचे काम बंद म्हणजे बंद.

पाणी, ताक आणि खिशातला कांदा

तहान लागण्याची वाट पाहू नये. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. एकदम तांब्याभर पिऊन मग दोन तास काही नाही, असे करू नये. लघवीचा रंग हे घरचे मोजमाप आहे. फिकट असेल तर पाणी पुरेसे, गडद पिवळी झाली तर माठ रिकामा होत आहे असे समजावे.

घामाबरोबर मीठही जाते. त्यासाठी मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत ही आपली जुनीच औषधे आहेत. क्षारसंजीवनीची पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ त्याहून अधिक टाकू नये. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या मंडळींना एक वेगळी सूचना. तुमच्या विहिरीचे व बोअरचे पाणी मुळातच खारे. ते तहान भागवत नाही आणि त्यात मीठ-साखर घोळली तर मीठ प्रमाणाबाहेर जाते. पिण्याचे व सरबताचे गोडे पाणी घरून न्यावे. माणशी पाच लिटर हिशेब धरावा. बैलगाडीत वा दुचाकीवर कॅन ठेवायला जागा काढावी, तिला ओले पोते गुंडाळावे. वावरात "पाणी खारे आहे" म्हणून मजूर कमी पितो आणि त्याचे मोल त्याची मूत्रपिंडे देतात.

आता खिशातला कांदा. आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. तो ठेवायला माझी हरकत नाही. पण खिशातल्या कांद्याने अंग थंड होत नाही. त्याच्या भरवशावर दुपारी वावरात जाऊ नये. भाकरीबरोबर खाल्लेला बरा. डोक्याला ओला दुपट्टा बांधणे मात्र खरोखर उपयोगी आहे, कारण तो माठासारखेच काम करतो.

ऊन लागल्यास काय करावे?

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भोवळ, फार थकवा ही पहिली लक्षणे. या वेळीच काम थांबवून सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करावे, घोट-घोट सरबत घ्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठावा.

परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडू लागला, झटका आला किंवा शुद्ध गेली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात आहे. आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते. कातडी कोरडी असेल, किंवा जड काम करणाऱ्याची घामाने ओलीही असेल. हा प्रसंग साप चावल्याइतकाच तातडीचा समजावा. दारू प्यायला असेल असे म्हणून त्याला झोपवू नये. आमच्या काकांच्या बाबतीत जी चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका.

अशा वेळी पुढील क्रम ठेवावा.

१) १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि गाडीची वाट पाहत बसू नये, जागच्या जागी थंड करायला लागावे. आधी थंड करा, मग हलवा.

२) जवळच्या सावलीत आणून जादा कपडे काढावेत. मोटारीच्या नळीने, बादलीने, हौदातल्या पाण्याने सारे अंग भिजवत राहावे आणि पंखा घालावा. मान, काखा, जांघा येथे ओले फडके ठेवावे. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून तेथेच ठेवावा.

३) फवारणीच्या पंपाने किंवा औषध कालवलेल्या ड्रममधल्या पाण्याने अंग भिजवू नये. घाईत हातात तेच येते, म्हणून मुद्दाम सांगतो.

४) शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याला कुशीवर निजवावे. तापाची गोळी देऊ नये. हा ताप गोळीने उतरत नाही.

५) गाडीत नेतानाही ओले फडके आणि वारा चालू ठेवावा.

ऊन संपले तरी काळजी संपत नाही

उष्णतेचे परिणाम मे महिन्यापुरते नाहीत. २०१७ च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचे मिश्रण, संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे होतीच. त्यात उकाड्याची भर पडते. घामाने ओल्या, तापलेल्या कातडीतून विष अधिक झिरपते आणि उकडते म्हणून माणूस तोंडावरचे फडके काढून टाकतो. म्हणून फवारणी सकाळी लवकर वा सायंकाळी, वारा शांत असताना करावी. भोवळ आली तर ती उन्हाची की औषधाची हे घरी ठरवत बसू नये. लाळ गळणे, बाहुली बारीक होणे, अंग थरथरणे ही विषबाधेची लक्षणे होत. कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जावे.

दुसरे, कूलर. मे महिन्यात जो कूलर जीव वाचवतो, तोच जूनमध्ये बंद करून तळाला पाणी ठेवला की डेंग्यूच्या डासांचे पाळणाघर होतो. हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार-दमट हवेत आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक दिवस कूलर, रांजण, जनावरांचे टाके रिकामे करून कडा घासाव्यात. नुसते पाणी ओतून देऊ नये, अंडी कडेला चिकटून राहतात. कूलरला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी, हे सांगायला नकोच.

तिसरे, पहिला मोठा पाऊस. आता पाऊस अनेकदा एकदम कोसळतो आणि घाण वाहून विहिरीत जाते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित विहिरीच्या पाण्याने कॉलरा पसरला आणि माणसे दगावली. पहिल्या पावसानंतर विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नये. ते शक्य नसेल तर पाणी उकळून घ्यावे.

शेवटी

बंधू-भगिनींनो, जगाचे तापमान आपण एकट्याने खाली आणू शकत नाही. त्यासाठी मोठ्या देशांनी, मोठ्या कारखान्यांनी आपला धूर कमी केला पाहिजे. आपण धुऱ्यावर निंब, करंज लावावेत. घराच्या टिनाला वा स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्यावा. गावाने बसस्थानकावर आणि शेतरस्त्यावर पाणपोई ठेवावी. तहानलेल्याला पाणी द्या, ही गाडगेबाबांची शिकवण ज्या अमरावतीच्या मातीतून निघाली, तेथे हे सांगण्याची वेळ येऊ नये.

पण त्याआधी एक काम आजच घरी गेल्यावर करता येईल. उद्या वावरात किती माणसे आहेत, ती किती वाजता थांबणार, त्यांना पाणी कोण नेणार, सावली कुठे आहे, एवढे ठरवून टाका. खर्चाच्या वहीत जसे बियाणे-खत लिहिता, तसे हे चार मुद्दे लिहा. आणि अकरा वाजता बैल सोडाल तेव्हा माणसालाही हाक मारा. बैलाला सावली देण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. माणसाला ती देण्याची रीत आपल्याला घालायची आहे.

जय किसान!